शेठ कोणत्या बाजूचा?

आमच्या घरातून एका वर्षात दोन जण गेले. पौषात नाना गेले, फाल्गुनात बैल गेला. भेटायला लोक दोन्ही वेळेला आले, पण बैलाच्या वेळी चहा जास्त लागला. त्यात रागावण्यासारखं काही नाही. बैलाने जन्मात कुणाशी बांधावरून भांडण केलं नव्हतं.

नाना म्हणजे माझा नवरा. सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही. बैलांची नावं त्यांनीच ठेवलेली, शेठ आणि मुनीम. शेठ पोट काढून सावकाश चालायचा, आणि मुनीम मान खाली घालून दोघांचं काम ओढायचा. तेव्हा मुनीम आधी मेला यात नवल नाही. (आमच्या दोघांत शेठ कोण होतं, ते गावाला विचारा. मला विचारू नका.)

मागे राहिलो मी, शेठ आणि अडीच एकर वावर. वावर तीनकोनी. रस्त्याच्या बाजूने बरं रुंद आहे, पण नाल्याकडे निमुळतं होत जातं. त्या टोकाला बैल उभा केला तर तोंड आमच्या वावरात आणि शेपूट भावकीच्या!

मला बैलाचं प्रेम वगैरे काही नाही, हे आधीच सांगते. बैल खातो, शेण टाकतो, माशा जमवतो. पण नाना गेल्यापासून शेठ रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून उभा राहायला लागला. नाना याच वेळेला परत यायचे. मीही ओट्यावर बसून तिकडेच बघायचे. एकटी बाई रोज रिकाम्या रस्त्याकडे बघत बसली तर लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. शेजारी बैल असला की म्हणतात, ढोर राखते आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझा मुलगा राजू नवापूरहून आला. तिथे तो कोंबड्यांच्या फारमवर कामाला आहे. हजारो कोंबड्या सांभाळतो, त्यामुळे एका बैलाने त्याचं काही अडत नाही. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोऱ्या करतात. नानांची ही पहिलीच घागर. खरबूज अजून कापलंही नव्हतं, तेवढ्यात राजूने बैल विकायचा विषय काढला. (घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पुस्तकातली मराठी शाळेत आणि कचेरीत.)

"माय, एकला बैल ठीसन काय करशी? इकी टाकू. त्यामा छोटं मशिन ई जाई."

"मशिन शेण देई का?"

"शेणनं तू काय करशी?"

"तुन्हा डोकामा भरसू. जागा शे."

राजू माझाच मुलगा, तो काही हटला नाही. "वखरले जोडी लागस, माय. एकला शेठ वखर वढी का?"

खोटं नव्हतं ते. पेरणीआधी माती फोडायच्या वखराला जोडीच लागते. एक बैल म्हणजे अर्धी कात्री.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारपर्यंत मी पेरणीसाठी वावर तयार करून दाखवायचं. कशाने करायचं ते मी निवडायचं. झालं तर शेठ राहणार. नाही झालं तर रविवारी संध्याकाळी व्यापारी टेम्पो घेऊन येणार आणि शेठ जाणार. मी "बरं" म्हटलं. खरबूज फिकं निघालं.

आधी मी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो बांधावर उभा राहिला, टोपी मागे सारली आणि बराच वेळ बघत राहिला.

"मोठी माय, हाई वावर शे का गल्ली?"

"तुले काय दिसस?"

तो म्हणाला, ट्रॅक्टर आत जाईल, पण वळणार नाही. वळायचा असेल तर रस्त्याकडे निंब तोडा, आणि नाल्याकडे शेजारच्या केसरबाईचा बांध तोडा. निंब नानांनी लावलेला. आणि त्या बांधावरून नाना आणि केसरचा नवरा सोळा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बांधाला कुणी कुदळ लावली असती, तर नाना जिथे असतील तिथून परत आले असते.

खरं सांगते, एक क्षणभर मला वाटलं, लावावी.

शिवाय ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या रोटाव्हेटरचं मला ठाऊक होतं. मागच्या साली शेजारच्या शिवारात एकाने मोठ्या हौसेने तो फिरवला. माती अशी झाली की भाकरी थापावी! मग पाऊस पडला, वरून ऊन पडलं, आणि मातीवर पापडासारखी खपली धरली. कापसाचे कोंब खालून डोकी आपटत मेले. दुबार पेरणी. नाना तेव्हा बांधावरून बघून म्हणाले होते, "ढेकूळ सुपारीएवढं ऱ्हावाले पाह्यजे. पीठ करानं व्हई ते चक्कीवर जाय." वखर मारून झाल्यावर ते अनवाणी चालायचे. टाचेखाली ढेकूळ फुटलं पाहिजे, पण टाच आत जायला नको. एवढीच त्यांची परीक्षा. त्यांना दुसरी कुठली परीक्षा कधी पास होता आली नाही.

गुरुवारी राजूने छोटं मशिन नमुन्याला पाठवलं. हातात धरून चालवायचं, पुढे फिरणारी पाती. बरोबर नंदुरबारहून एक माणूस आला. त्याच्या बुटांना माती लागलेली नव्हती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"आजी, एकदम सोपं आहे. बायका एका हाताने चालवतात."

"आणि दुसऱ्या हाताने काय करतात?"

"मोबाईल बघतात!"

मी दोन्ही हातांनी धरलं. त्याने दोरी ओढली, मशिन खोकलं आणि निघालं. दहा पावलं बरी गेली. मग त्याला दगड लागला की काय देव जाणे, ते उसळलं आणि पळायला लागलं. मी मागे.

"सोडा, आजी! हात सोडा! सोडलं की बंद होतं!"

आता मला सांगा, हातातली वस्तू पळायला लागली की ती सोडून द्यायची, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी चौथीपर्यंत गेले, तिथे तरी नव्हतं. मी आणखी घट्ट धरलं. घट्ट धरलं तसं ते आणखी जोरात पळालं. ज्या बांधावर सोळा वर्षं कुणी पाय ठेवला नव्हता, तो बांध आम्ही दोघांनी उडी मारून ओलांडला! पलीकडे काट्यांच्या कुंपणावर केसरचं लुगडं वाळत होतं. नऊवार लुगडं एका घासात गिळून मशिनला ठसका लागला, आणि ते मेलं.

केसर विळा घेऊन धावत आली.

"कोना शे हाऊ रेडा? मन्हं लुगडं खाई गया व माय!"

"रेडा नही, मशिन शे."

"आनि मागे लोंबकळी ऱ्हायनी ती कोन शे?"

"मी शे, केसर. सुपडाबाई."

"मंग रेडाच बरा व्हता!"

(इथे माझ्या तोंडाबद्दल सांगून टाकते, पुढे उपयोगी पडेल. गावात एखादं पोर जेवत नसलं की त्याची आई म्हणते, "खास का सुपडाबाईले बलावू?" पोर मुकाट्याने ताट पुसून खातं.)

पात्यांमधून लुगडं सोडवायला दुपार झाली. तो बूटवाला माणूस मशिन गाडीवर चढवून निघून गेला. जाताना म्हणाला, "आजी, तुम्ही दुसरं काहीतरी बघा."

केसर आणि मी चिंध्या गोळा करत बसलो. आमचे नवरे बोलत नव्हते म्हणून आम्ही कधी बोलणं सोडलं नव्हतं. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. तिच्याकडेही एकच बैल उरलेला, नाव फौजदार. मोठा रागीट बैल. केसरशिवाय कुणाचं ऐकत नाही, आणि केसरचंही ऐकत नाही.

केसर चिंधी पिळत म्हणाली, "तुन्हा शेठ रिकामा उभा शे. मन्हा फौजदार रिकामा उभा शे. मी काय म्हनस..."

"मी बी तेच म्हनस."

पण जोडीत प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. डाव्या बाजूला शिकलेला बैल उजवीकडे चालत नाही, मेला तरी नाही. माणसांचंही असतं तसं. नानांना खाटेवर भिंतीकडची बाजू दिली तर झोप यायची नाही.

"तुन्हा कोन्त्या बाजूना?" केसरने विचारलं.

"उजवा."

"नक्की?"

"बारा वरीस दखी ऱ्हायनू मी त्याले! तुन्हा?"

"डावा. मी बी रोज दखू ना."

एक उजवा, एक डावा! मला तर देवानेच जोडी लावली असं वाटलं. जे आमच्या नवऱ्यांना सोळा वर्षांत जमलं नाही, ते आम्ही दोन मिनिटांत केलं.

रविवारी सकाळी आम्ही जोडी जुंपली. शेठ उजवीकडे, फौजदार डावीकडे. फाटक्या लुगड्याच्या चिंध्या पिळून केसरने कासरे बांधले. वखर माझ्या हातात. आमच्याकडे बाईने निंदावं, खुरपावं, कापूस वेचावा, पण वखर धरू नये. धरला तर पाऊस रुसतो म्हणतात. (पाऊस त्याआधीही पुष्कळदा रुसला होता, आणि तेव्हा वखर पुरुषांच्याच हातात होता.) त्यामुळे बघायला गाव जमलं. राजू निंबाखाली बसला, हातात मोबाईल.

"चाल, शेठ!"

शेठ चालला. पण पुढे नाही, फौजदारच्या अंगावर. फौजदारने त्याला ढुशी दिली आणि तोही त्याच्या अंगावर. दोघे एकमेकांना रेटत रेटत गोल फिरले, आणि मी वखराला धरून त्यांच्यामागे गोल. एक फेरा. दोन फेरे. तिसऱ्या फेऱ्याला माझा पदर सुटला.

"बायास्नी वखर धरा! आते पानी कसा येई?" एक म्हातारा ओरडला.

"पानीनं सोड, बाबा," दुसरा म्हणाला. "मोठी माय, हाई वखरनं शे का गरबा?"

"टाळ्या वाजाड तू," मी म्हटलं, "म्हनजे समजी!"

त्याने खरंच वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. फौजदार टाळ्यांनी बिथरला आणि शेठला घेऊन उलट्या दिशेने फिरला. सूर्य डोक्यावर येईपर्यंत आम्ही वावरात एक मोठी जिलबी काढली, आणि तिच्या बाहेर सगळं वावर तसंच कोरडं, भेगा पडलेलं. केसरने फौजदारला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने शिव्या दिल्या. मी शेठला नानांच्या नावाने दिल्या. दोघे बैल घामाने भिजून थरथरत उभे राहिले. शेठच्या मानेवर जुवाने घासून कातडं सोललं होतं. ते बघून माझी जीभ पहिल्यांदा थांबली.

राजू जवळ आला. आता तो हसत नव्हता.

"माय, बस कर. त्या मुका जनावरना हाल करी ऱ्हायनी तू. लावू का व्यापारीले फोन?"

मी शेठच्या मानेवरच्या माशा हाकलल्या. मग म्हटलं, "जेवीसन लाव."

भाकरीचं गाठोडं रस्त्याकडच्या निंबाला टांगलेलं होतं. मी जाऊन ते काढलं, डोक्यावर घेतलं आणि परत वावरात निघाले. केसर जोडी धरून उभी होती, बैलांची तोंडं माझ्याकडे. बेचाळीस वर्षं मी याच वाटेने, याच वेळेला, अशीच आले होते. नाना मला लांबूनच बघायचे आणि तास, म्हणजे वखराची ओळ, अर्धं असलं तरी जोडी तिथेच थांबवायचे. मी जवळ गेले की विचारायचे, "उनी का?" आलीस का म्हणून, समोर उभ्या बाईला! मी रोज म्हणायचे, "नही. घर शे मी अजून." मग (गेली बारा वर्षं तरी) मी उजव्या हाताने शेठला भाकरीचा तुकडा द्यायचे, डाव्या हाताने मुनीमला, आणि मग नाना जेवायला बसायचे. बैलांच्या आधी ते कधी जेवले नाहीत.

सवयीने मी तुकडा मोडला आणि उजवा हात पुढे केला. तुकडा फौजदारने खाल्ला.

मी हाताकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं. शेठ डावीकडे उभा होता, मान वाकडी करून, माझ्या उजव्या हाताकडे बघत.

शेठला मी त्या बाजूला कधी बघितलंच नव्हतं.

"केसर," मी म्हटलं, "तू तुन्हा फौजदारले कोठून दखी ऱ्हायनी व्हती इतला वरीस?"

"कोठून म्हनजे? भाकर लई जाऊ तव्हय. समोरून."

"मी बी समोरूनच."

केसरने मोठे डोळे केले. मग आपले दोन्ही हात वर करून बघितले, एकदा बैलांकडे तोंड करून, एकदा बैलांकडे पाठ करून. समोरून जो उजवा दिसतो, तो वखरामागे उभ्या माणसाचा डावा असतो! पहिलीतल्या पोरालाही कळेल. आणि आम्ही दोघींनी मिळून दोन्ही बैल चुकीच्या बाजूला जुंपून सकाळपासून त्यांना मारलं होतं. वखराच्या मागे जाऊन उभं राहायची आम्हाला कधी वेळच आली नव्हती. नवऱ्याला कुठून काय दिसतं, ते तिथे उभं राहून बघावं, हे कधी डोक्यातही आलं नाही.

केसर खाली बसली आणि हसायला लागली. मीही हसले. मग ती लुगड्याच्या चिंधीने नाक पुसायला लागली, आणि मी गाठोड्याच्या फडक्याने. राजू बघत उभा राहिला. त्याला वाटलं, दोघींना ऊन लागलं.

बैलांना पाणी पाजलं, सावलीत उभं केलं. शेठच्या मानेला हळद-तेल लावलं आणि जुवावर लुगड्याची जाड घडी बांधली. ऊन उतरल्यावर बाजू बदलून जुंपलं. शेठ डावीकडे, फौजदार उजवीकडे. मी "चाल" म्हणायच्या आत शेठने कान झाडले आणि पोट काढून सावकाश चालायला लागला. सरळ! फौजदार मान खाली घालून बरोबरीने. वखराच्या पात्याखाली माती फुटायचा आवाज यायला लागला, खसखस खसखस. टाळ्या वाजवणारे एकेक करून घरी गेले. सरळ चालणाऱ्या बैलांत बघण्यासारखं काही नसतं.

आमच्याच्याने सगळं झालं नाही, खोटं कशाला सांगू? दिवस कलला तेव्हा जिलबी मोडून रुंद भाग झाला होता, निमुळता भाग राहिला होता. आणि टेम्पो आला. व्यापारी उतरून बांधावर उभा राहिला.

राजू त्याच्याकडे गेला नाही. त्याने चपला काढल्या आणि वखरलेल्या मातीत आला. चार पावलं चालला. थांबून टाच दाबली. ढेकूळ फुटलं, टाच आत गेली नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी बापाच्या मागे फिरायचा, तेवढंच.

मग तो व्यापाऱ्याला म्हणाला, "भाऊ, बैल देवाना नही."

"मंग बलावं कसाले?"

"चुकी व्हयनी. चहा पी अन् जाय."

निमुळतं टोक त्याने दुसऱ्या दिवशी कुदळीने खणलं. हाताला फोड आले, ते त्याने नवापूरला जाऊन कोंबड्यांना दाखवले असतील.

पण त्या संध्याकाळी, शेवटच्या तासाला, केसर निंबाजवळ बसली होती. तिथून ओरडली, "सुपडा! काय दिसस व तठेन?"

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. जिथे नाना बेचाळीस वर्षं उभे राहिले, तिथे मी उभी होते. पुढे दोन बैलांची ढुंगणं, दोन शेपट्या, वर माशा. सकाळपासून तेच. त्याच्या पलीकडे फक्त वाट, जिच्यावरून दुपारी भाकर येते. आता त्या वाटेवर कुणी नव्हतं.

"दोन शेपट्या!" मी ओरडून सांगितलं.

मला इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस भाकरीची वाट बघतो, म्हणून लांबूनच बैल थांबवतो. तसं नव्हतं. सकाळपासून दोन शेपट्या बघितल्यावर माझं तोंडसुद्धा बरं दिसत असणार.